सिस्टरची बहीण

ती माझ्याकडे राहायला आली ती एका महिन्याच्या बोलीवर. नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. "आफ्रिकेतून एक बाई आलीय एम.एस्सी.ला. तिकडे नर्स आहे. आपल्या सरकारची शिष्यवृत्ती मिळालीय. होस्टेलमध्ये सगळ्या विशीतल्या मुली, तिला तिथे करमत नाही. बाहेर खोली बघायला गेली की मालक तिच्याकडे बघतात आणि खोली आत्ताच गेली म्हणतात. तुझी मागची खोली रिकामी आहे ना?"

खोली रिकामीच होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एका मोठ्या रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून सगळी नोकरी काढून मी नुकतीच निवृत्त झाले होते. कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी इतकी शांतता असायची की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. मी म्हणाले, महिनाभर राहू दे, मग बघू.

ती जवळजवळ दोन वर्षं राहिली.

पहिल्या दिवशी ती दारात उभी होती, उंच, सडपातळ, खांद्यावर एक रंगीत कापड घेतलेलं. मी सवयीने म्हणाले, "या सिस्टर." आमच्या रुग्णालयात प्रत्येक नर्स सिस्टरच. ती थबकली. तिला वाटलं, या देशात अनोळखी बाईलाही बहीण म्हणतात. मी तिचा गैरसमज दूर केला, पण हाक सिस्टरच राहिली. सोसायटीतली मुलं मला काकू म्हणतात म्हणून तीही काकू म्हणायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं, मध्ये मध्ये तिचं शिकाऊ मराठी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बसले नाहीत. "पेइंग गेस्ट ठेवताना आधी विचारायची पद्धत आहे," म्हणाले.

"तुमच्या जावयांनी कॅनडात घर घेतलं तेव्हा तिथल्या सेक्रेटरींना कुणी विचारलं होतं?" मी म्हणाले.

"तसं नाही हो. लोक बोलतात."

"बोलू द्या. तिला मराठी शिकायचंच आहे."

ते गेले. नंतर कधी तक्रार आली नाही, पण जिन्यात तिच्याशी कुणी दोन शब्द बोललंय असंही मी पाहिलं नाही.

तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याने काही फरक पडणार नाही, आणि तिला ते आवडायचंही नाही. पूर्व आफ्रिकेतला एक छोटा देश, एक मोठं सरोवर, त्याच्या काठी तिचं गाव. ती लहान असताना आईवडील एकापाठोपाठ एक गेले. त्या काळात तिकडे एड्सने घरंच्या घरं रिकामी होत होती, औषध नव्हतं. मोठ्या बहिणीने हिला वाढवलं. सरोवरातली बारीक मासळी वाळवून ती बाजारात विकायची, आणि त्यावर हिचं नर्सिंगचं शिक्षण केलं. पुढे बहिणीचा नवरा त्याच आजाराने गेला आणि बहिणीलाही लागण झाली. पण तोवर औषध आलं होतं. अमेरिकेच्या पैशातून त्यांच्या गावात एक छोटा दवाखाना सुरू झाला होता. दर मंगळवारी तिथे गोळ्या मिळायच्या, फुकट. रोज एक गोळी. त्या एका गोळीवर बहीण कित्येक वर्षं ठणठणीत होती. मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन चालायची, बाजारात भांडायची, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायची.

सिस्टरचा नवरा कामासाठी दक्षिणेच्या खाणींकडे गेला तो परत आलाच नाही. तिची मुलगी या बहिणीकडेच होती.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आली की ती गॅलरीत खुर्ची टाकून बहिणीला फोन लावायची. व्हिडिओ नीट दिसायचा नाही, पण आवाज स्वच्छ यायचा. मला त्यांच्या भाषेतला एक शब्द कळायचा नाही, तरी बहिणीचं हसणं ऐकत भाजी निवडायला मला आवडायचं. एकदा सिस्टरने फोन माझ्यापुढे धरला. पलीकडून तिची बहीण मोठ्याने म्हणाली, "काकू, जेवलीस का?"

सिस्टरने शिकवलं होतं. मी म्हणाले, "जेवले. तुम्ही?" त्यापुढचं तिला येत नव्हतं, म्हणून तिने परत तेच विचारलं. मग रोजच. मी जेवलेली असो वा नसो, उत्तर तेच द्यायची.

शनिवारी आम्ही मंडईत जायचो. सिस्टरला तिथली गर्दी आवडायची. भाजी झाली की ती सुकी मासळी बघायला मला ओढत न्यायची. सुकट हातात घेऊन वास घ्यायची आणि विकणाऱ्या बाईला सांगायची, "माझी बहीण हेच विकते." ती बाई मासळी तोलता तोलता म्हणायची, "मग तिला सांग, आमच्याकडे परवडत नाही." घरी आलं की सिस्टर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची, सोबत सुकट टोमॅटोत परतायची. आमच्या घरी मासे चालतात, त्यामुळे प्रश्न नव्हता. वास मात्र खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत जात असणार.

रविवारी माझा मोठा भाऊ नारायण पेठेतून यायचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, दोन वर्तमानपत्रं रोज आडवीतिडवी वाचणारा. दादाला सिस्टरशी बोलायला फार आवडायचं, कारण तो जे वाचायचा ते तिने पाहिलेलं असायचं.

"आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात," ती एकदा जेवताना सांगत होती, "तीन देशांच्या तीन इमारती आहेत. प्रत्येकीवर वेगळा झेंडा. डोळ्यांचा विभाग एका बेटावरच्या छोट्या देशाने बांधला होता. त्यांचे डॉक्टर आमच्यात राहायचे, आमची भाषा बोलायचे. मग चीनने आमच्या सरकारला सांगितलं, त्या बेटाशी मैत्री तोडा, आम्ही तुम्हाला जास्त देऊ. सरकारने तोडली. डॉक्टरांना सामान आवरायला लागलं. एका म्हाताऱ्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याची तारीख दिली होती. तो त्या तारखेला आला. खोलीला कुलूप."

"आणि जास्त दिलं का?" दादाने विचारलं.

"दिलं ना. रस्ता झाला. राजधानीत मोठं सभागृह झालं, स्टेडियम झालं. रस्ता चांगला आहे, मी खोटं बोलणार नाही. पण डोळ्यांचा डॉक्टर नाही आला."

मग ती हसून म्हणाली, "कधी कधी एकाच दिवशी दोन देशांची प्रशिक्षणं असायची. दोघांनाही फोटोत नर्सेस हव्या असायच्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. वॉर्डात कोण? कुणीच नाही."

दादा भात कालवता कालवता म्हणाला, "आम्हीही असेच वाढलो. बहात्तरच्या दुष्काळात हिला आणि मला रेशनवर मिलो मिळायची. लाल, कडवट ज्वारी. अमेरिकेची. भाकरी थापली की तुटायची. शाळेत सुकडी मिळायची. आई म्हणायची, उपकाराची भाकरी तुटणारच. आणि त्याच वेळी दुसरीकडून रशिया आम्हाला कारखाने देत होता. दोघंही म्हणत, आमच्याकडे बघा."

"आणि आता तुम्ही मला शिष्यवृत्ती देता," सिस्टर म्हणाली.

"आता आम्हीही देणारे झालो," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, नाही असं नाही. मलाही होता.

तिने ताटातला भात संपवला. मग विचारलं, "तुमच्या देशाला आमच्याकडून काय हवं आहे?"

हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. पाहुण्याला चहात साखर किती विचारावी तसा विचारला होता. दादा म्हणाला, "मत. कुठल्या तरी मोठ्या सभेत आमच्या बाजूने हात वर करायला. आणि आमच्या औषधांना, ट्रॅक्टरना गिऱ्हाईक."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "सांगून मागतात ते बरे."

गेल्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत नवं सरकार आलं आणि त्यांनी बाहेरच्या देशांना दिली जाणारी मदत थांबवली. दादाने ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली. मी ऐकली आणि गॅसवर दूध होतं म्हणून फोन ठेवला. आपल्या स्वयंपाकघराशी तिचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

दोनतीन दिवसांनी सिस्टर गॅलरीतून आत आली ती फोन हातात धरून. बहीण मंगळवारी दवाखान्यात गेली होती. फाटकाला साखळी होती. बाहेर बायका बसून होत्या, त्यांना वाटत होतं कुणीतरी येईल. दुपारी पहारेकरी आला आणि म्हणाला, घरी जा, मलाही आज शेवटचा दिवस सांगितलाय.

दादाने दुसऱ्या दिवशी नवी बातमी आणली. "जीव वाचवणारी औषधं यातून वगळलीत असं आलंय. गोळ्या बंद होणार नाहीत."

"गोळ्या वगळल्या असतील," सिस्टर म्हणाली. "गोळ्या देणारी माणसं घरी पाठवलीत. गोदामातून दवाखान्यात आणणारा ड्रायव्हरही. मग गोळ्या काय चालत येणार आहेत?"

दादाने वर्तमानपत्राची घडी घातली.

बहिणीकडे थोड्या गोळ्या शिल्लक होत्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मिळतात असं कळलं म्हणून ती तिथे गेली. तिथे इतर बंद दवाखान्यांचे लोकही आले होते. काही दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून पुढच्या वेळी नक्की सांगता येत नाही म्हणाले. जाण्यायेण्यात दोन दिवस जायचे आणि मासळी पडून राहायची. सिस्टर रोज फोनवर विचारायची, गोळी घेतलीस का. बहीण रोज हो म्हणायची. ते खरं नव्हतं. गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून ती एक दिवसाआड घेत होती. हे मुलीने सांगितलं, मावशी बाहेर गेलेली असताना.

सिस्टर स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "एक दिवसाआड, काकू. मी नर्स आहे आणि माझी बहीण एक दिवसाआड घेतेय."

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तिलाही नव्हती. ते औषध अर्धवट घेतलं तर विषाणू त्याला सरावतो, आणि नंतर पूर्ण घेऊनही उपयोग राहत नाही. ती फोनवर बहिणीला खूप रागावली. मग बहीण काहीतरी म्हणाली. मी नंतर विचारलं, काय म्हणाली? सिस्टर म्हणाली, "ती म्हणाली, मासळीसुद्धा आम्ही अशीच पुरवून खातो."

बहिणीने रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवला होता. मी चष्मा लावून बघितला. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, मेड इन इंडिया. आपल्याकडच्या कारखान्यात झालेली गोळी, अमेरिकेच्या पैशाने विकत घेतलेली, त्या सरोवराच्या काठी पोचलेली. ज्या रुग्णालयात मी सगळी नोकरी केली तिथेही याच कारखान्याची औषधं मी कपाटात लावली होती. सिस्टर म्हणाली, "म्हणजे इथे मिळेल?"

मिळणार होती. माझ्या जुन्या ओळखीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदपत्रं बघितली आणि चिठ्ठी लिहून दिली. दादा आणि मी रिक्षाने पेठेत औषधांच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, उद्या या, मागवतो. दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या. दादाने पिशवी धरली ती घरी येईपर्यंत छातीशी. रिक्षात तो एकदाच बोलला. "मिलो आठवते तुला?" मी हो म्हणाले.

पाठवायच्या कशा हा प्रश्न होता. कुरिअरवाल्यांनी परवाने मागितले. तिच्या देशातला एक विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात शिकत होता, तो मार्चअखेर घरी जाणार होता. तोवर थांबणं भाग होतं. त्या मधल्या दिवसांत सिस्टरने आणखी एक प्रयत्न केला. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या कार्यालयात जाऊन तिने विचारलं की भारत या गोळ्या तिच्या देशाला देऊ शकेल का. बनतात इथेच. मी तिच्यासोबत गेले होते. अधिकारी तरुण होता, अदबीने बोलला, आम्हाला चहा दिला. "तुमचं म्हणणं मला पटतं," तो म्हणाला. "पण अशी विनंती तुमच्या सरकारकडून यायला हवी. मग ती वर जाईल."

"आमचं सरकार कुणाकडे काय मागायचं ते ठरवतंय," सिस्टर म्हणाली.

तेच चाललं होतं. बहिणीकडून आणि गावच्या मैत्रिणींकडून तिला कळत होतं. त्या बंद दवाखान्याच्या इमारतीवर दोन देशांची नजर होती. एका देशाचे लोक येऊन भिंती मोजून गेले. त्यांची अट होती की फाटकावर फक्त त्यांचंच नाव हवं आणि आतली जुनी यंत्रं काढायची. दुसऱ्याने निरोप पाठवला की पहिल्यांना दिलं तर आम्ही बंदराच्या कामातून अंग काढून घेऊ. सरकार दोघांनाही चहा पाजत होतं. दोघांकडून जास्त काय निघतं ते बघत असावं. दादा म्हणाला, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, आणि केलंही आहे. सिस्टर म्हणाली, "मला माहीत आहे. पण साखळी फाटकालाच आहे."

मार्चअखेर तो विद्यार्थी गेला. गोळ्या पोचल्या. बहिणीने त्या दिवशी व्हिडिओवर बाटली दाखवली. हलवून वाजवून दाखवली. मी प्रथमच तिचा चेहरा नीट पाहिला. गालाची हाडं वर आली होती. तिने विचारलं, "काकू, जेवलीस का?" आणि मग तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. सिस्टर हसत हसत काहीतरी बोलत राहिली. फोन ठेवला आणि म्हणाली, "टी.बी. आहे."

"तपासल्याशिवाय कसं म्हणतेस?"

"काकू, मी पंधरा वर्षं हा खोकला ऐकलाय."

तपासायचं यंत्र जिल्ह्याला होतं. पण त्यात घालायच्या कुप्या त्याच मदतीतून यायच्या, आणि त्या संपल्या होत्या. डॉक्टरांनी अंदाजाने टी.बी.ची औषधं सुरू केली. एप्रिलमध्ये बहिणीचं डोकं दुखायला लागलं. मग ती माणसं ओळखेना. सिस्टरच्या मुलीला ती आईच्या नावाने हाक मारायला लागली, म्हणजे त्यांच्या कधीच वारलेल्या आईच्या.

सिस्टरने जायची तयारी केली. परीक्षा तोंडावर होती, प्रबंध टाइप होत आला होता. रजेसाठी विचारलं तर आईवडील, नवरा, मूल यांच्यासाठी रजा मिळते असं कळलं. बहीण नियमात बसत नव्हती. तिने लिहून दिलं की बहिणीनेच मला वाढवलं आहे. त्यावर विचार चालू होता, आणि मला खात्री आहे की कुणीतरी खरोखरच विचार करत होतं. तिकीट बघत होतो तेवढ्यात मे महिन्यातल्या एका सकाळी फोन आला. मी पोळ्या करत होते. सिस्टर गॅलरीत गेली, ऐकलं, आत येऊन खुर्चीवर बसली. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"गेली," ती मराठीत म्हणाली.

मी तवा उतरवला.

ती रडली नाही. दुपारपर्यंत तशीच बसून होती. मी तिच्याजवळ बसले. दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. दोन वर्षांत त्यांनी सिस्टरकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. दादाने येताना जिन्यात त्यांना सांगितलं असावं. हातात पातेलं आणि डबा. "पिठलं-भात आहे," त्या म्हणाल्या. "चूल पेटवू नका आज." आणि आत न येताच गेल्या.

सिस्टरने विचारलं, हे काय. मी सांगितलं की ज्या घरातलं कुणी जातं त्या घरी स्वयंपाक करत नाहीत, शेजारी आणून देतात.

"आमच्याकडेही बायका येतात," ती म्हणाली. "अंगणात मोठी भांडी चढवतात. आता तिथे येऊन बसल्या असतील. माझी मुलगी पाणी भरत असेल." मग तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली आणि रडायला लागली. खूप रडली. दादा गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

त्या रविवारी तिच्या देशातली पुण्यातली मुलं आली. कुणी इंजिनिअरिंगचा, कुणी फार्मसीचा, सगळी तिच्यापेक्षा लहान. बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसून त्यांनी गाणी म्हटली, चार आवाजांत, पुस्तकाशिवाय. गोळ्या घेऊन गेलेला विद्यार्थीही परत आला होता. तो भिंतीकडे तोंड करून गात होता. त्याला वाटत होतं की त्याला उशीर झाला. मी त्याला सांगितलं की तू नेल्यास म्हणून तिने बाटली वाजवून दाखवली, आम्ही पाहिलं. त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नाही.

सिस्टर परीक्षेला बसली नाही. मुलीजवळ आता कुणी नव्हतं. मैत्रिणीने कॉलेजातून परोपरीने सांगितलं, एवढा महिना काढ, मग जा. सिस्टर म्हणाली, "माझी मुलगी शेजारणीकडे झोपते. ती शेजारीणही त्याच दवाखान्यात जायची."

जायच्या आदल्या संध्याकाळी तिने माझी औषधं नीट लावून दिली, माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी तिनेच शिकवलेले व्यायाम परत करून घेतले. प्रबंधाचे कागद कॉलेजला देऊन टाकले. आम्ही जेवलो. सकाळी दादा आणि मी तिला सोडायला विमानतळावर गेलो. दादाने वाकून तिची बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाला, "आम्ही काही करू शकलो नाही." ती म्हणाली, "तुम्ही रिक्षाने गेलात. एवढं कुणी केलं नाही." तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, आपल्यासारखा, आणि आत गेली. काचेपलीकडे ती बराच वेळ रांगेत दिसत होती.

तिला तिकडे जुनी नोकरी मिळाली नाही. तिच्या वॉर्डातल्या निम्म्या जागांचा पगार मदतीतून होत होता, त्या जागाच उरल्या नव्हत्या. काही महिने तिने बहिणीच्या गाळ्यावर मासळी विकली. मग एका चहाच्या मळ्यावर मजुरांच्या दवाखान्यात काम मिळालं. मळा गावापासून लांब आहे, मुलगी तिच्याबरोबर राहते. डिग्री अपुरी राहिली आहे. मैत्रीण म्हणते, नियमाप्रमाणे पुन्हा प्रवेश घेता येईल. सिस्टर म्हणते, बघू.

मागची खोली मी कुणाला दिलेली नाही. दोघीतिघी विचारायला आल्या, मी म्हणाले आत्ताच गेली. दादा रविवारी येतो. वर्तमानपत्र आणतो, पण कोणत्या देशाने कुणाला काय दिलं ते हल्ली मोठ्याने वाचत नाही. पान उलटतो.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता. दवाखाना उघडला म्हणाली. सरकारने शेवटी दोन्ही देशांशी करार केला. फाटकाच्या एका खांबावर एकाचं नाव आहे, दुसऱ्या खांबावर दुसऱ्याचं. उद्घाटनाला दोघांचे वेगवेगळे मंडप होते. सुट्टीच्या दिवशी ती गावी गेली होती, तेव्हा मुद्दाम मंगळवारी तिथे जाऊन आली. आतमध्ये रंग दिलाय, पंखे बसवलेत, गोळ्या मिळतात.

"मग बरं झालं," मी म्हणाले.

"हो." तिच्यामागे मळ्यावरच्या बायकांचा आवाज येत होता. "रांग लहान झालीय, काकू. ज्या दिसल्या नाहीत त्यांची एकेकीची नावं घेऊन मी विचारत गेले. मग विचारणं सोडून दिलं."

तिनेच पुढे विचारलं, गुडघा कसा आहे, जिने चढता का. मी म्हणाले, चढते. हळूहळू चढते.